दोन भोकांचं पंक्चर

सायकलवर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ट्यूबवर पॅच साठतात तसे ते साठत जातात, आणि एका टप्प्यानंतर आपण दोन्ही मोजायचं सोडून देतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जुनी तीन-चार मंडळी सोलापुरात सकाळच्या चहाला बसलो, की कुणीतरी म्हणतंच, "तो दगडाचा सांग की." मग चहा गार होतो.

आमचं ऑफिस हिवतापाचं. नेमकं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. काळ सत्तरच्या दशकातला. काम साधं होतं. सायकल घ्यायची, दर पंधरवड्याला ठरलेल्या गावात प्रत्येक घरी जायचं आणि "कुणाला ताप आहे का?" म्हणून विचारायचं. असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढचं घर गाठायचं. डास मारायचं काम दुसऱ्यांकडं होतं. आमच्याकडं फक्त पोचायचं काम होतं, आणि तेच जमत नव्हतं. दक्षिण सोलापुरात त्या वेळी रस्ता कमी आणि दगड जास्त, अशी व्यवस्था होती.

*

मी मंगळवेढ्याकडून बदलून आलो होतो. तिकडं काळी सपाट रानं. पावसाळ्यात चाक गुडघाभर रुतेल, पण दगड औषधालाही सापडायचा नाही. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात होटगीच्या रस्त्यावर पुढचं चाक खाली बसलं, तेव्हा मी काटा शोधायला लागलो. टायर उलटा केला, आतून हात फिरवला, बोटांनी इंच इंच चाचपलं. वीस मिनिटं गेली. काटा नाही. शेवटी सायकल ढकलत ऑफिसच्या कोपऱ्यावर आणली. तिथं रहीमचाचांचं सायकलचं दुकान होतं.

चाचांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली. बुडबुड्यांच्या दोन रांगा निघाल्या, एकीला लागून एक.

"कित्ती देर काँटा ढूंडे?"

"वीस मिनिटं."

"कायकू? काँटा हैच नै. काँटे का एक छेद रहता. ये देखो, दो, बाजू-बाजू में. हवा कम थी, पत्थर लग्या, पत्थर और रिम के बीच में ट्यूब कू चिमटा बैठ्या."

"मग याच्यावर उपाय काय?"

चाचांनी पंप माझ्या हातात दिला.

पुढं चार वर्षं आमच्या ऑफिसनं या विषयावर जेवढे कागद काढले, त्या सगळ्यांचं सार त्या पंपात होतं. त्यामुळंच बहुधा वरच्या कुणी तो हातात धरून पाहिला नाही.

*

आमच्या स्टोअरमध्ये भाऊसाहेब होते. पॅच आणि चिकटवायचं सोल्युशन त्यांच्या कपाटात असायचं. कपाटाला कुलूप होतं आणि भाऊसाहेबांच्या चेहऱ्यालाही. नियम असा होता, की पॅच पाहिजे असेल तर अर्ज करायचा आणि पंक्चरचं कारण त्याला टाचणीनं जोडायचं. काटा तर काटा, खिळा तर खिळा.

आता दगडाच्या पंक्चरला कारण कुठून आणायचं? आम्ही व्यवहारी माणसं. ऑफिसच्या मागं एक बाभूळ होती, तिचे चार-सहा काटे प्रत्येकाच्या खिशात असायचे. त्या वर्षी तालुक्यातली निम्मी पंक्चरं एकाच बाभळीनं केली.

सुदाम कांबळेनं मात्र काटा जोडला नाही. कांबळे आमच्यातला सगळ्यात हुशार, अक्षर तर छापल्यासारखं. खोटं लिहायचं नाही एवढा एकच दोष त्याच्यात होता, पण सरकारी नोकरीत तो फार मोठा धरतात.

"काटा कुठाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काटा नव्हता. दगडावर आपटून ट्यूब चिमटली."

"मग दगड जोडा," भाऊसाहेब म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी कांबळे पोत्यात गुंडाळून एक दगड घेऊन आला. चांगला खलबत्त्याएवढा. त्याच्यावर खडूनं गाव आणि तारीख लिहिलेली. त्यानं तो भाऊसाहेबांच्या टेबलावर पेपरावरच ठेवला.

"हे काय?"

"कारण. टाचणी लागत नाही, तेवढं समजून घ्या."

भाऊसाहेबांनी दगडावरचं गाव आणि तारीख वाचली. नियमाप्रमाणे कारण जोडलेलं होतं. त्यांनी कपाट उघडलं आणि एक पॅच काढला.

"दोन द्या," कांबळे म्हणाला. "याला कॅरिअरवर घालून आणताना मागचं चाक बसलं. त्याचंही कारण हाच."

*

मलकप्पा अक्कलकोटकडचा. घरात कन्नड बोलायचा, ऑफिसात मराठी आणि सायकलशी दोन्ही. वजन दोन कर्मचाऱ्यांचं, पगार एकाचा. तो मुद्दाम हवा कमी ठेवायचा. "घट्ट हवा भरली की मणका वाजतोय रे. मऊ असली म्हणजे कसं, गादीवर बसल्यागत वाटतंय." या गादीपायी त्याचं चाक आठवड्यातून दोनदा तरी बसायचं.

चाचांनी त्याला उपाय सांगितला. "वजन सीट पे नक्को. पत्थर दिख्या तो उठ जाव. पायडल पे खडे रहो, घुटने ढीले छोडो, आगे झुको. पत्थर गया तो बैठो."

मलकप्पानं ते मनावर घेतलं. त्याच्या फिरतीतल्या एका गावाच्या वेशीत ओढ्याचे गोटे पसरलेले होते आणि गोट्यांच्या समोर पार होता. पारावर गावातली वडीलधारी मंडळी. मलकप्पा तिथं आला, की सीटवरून उठायचा, मान खाली घालायचा आणि पुढं वाकायचा. पहिल्या फेरीला मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. दुसऱ्या फेरीला त्यांनी उठून हात जोडले. तिसऱ्या फेरीला चहा आला. महिन्याभरात साहेबांच्या नावे पत्र आलं, की सरकारी माणूस असावा तर असा, काय ती अदब. साहेबांनी ते आम्हाला उभं करून वाचून दाखवलं आणि मलकप्पापासून शिका म्हणाले. मलकप्पानं मान डोलावली. चहा चालू होता.

पुढच्या वर्षी ओढ्यावर फरशीचा पूल झाला. गोटे गेले. मलकप्पा पारासमोरून बसल्या बसल्या निघून जायला लागला.

पुन्हा पत्र आलं. या वेळी सात सह्या होत्या. 'आपला मलेरियावाला पूर्वी चांगला होता. हल्ली त्याला माज आला आहे.'

साहेबांनी मलकप्पाला बोलावून घेतलं. "काय म्हणणं आहे तुमचं?"

"साहेब, मी तोच हाय," मलकप्पा म्हणाला. "रस्ता सुधारला."

*

साहेब वाईट नव्हते. त्यांचा कागदावर विश्वास होता, इतकंच. पंक्चरं वाढली म्हणून त्यांनी परिपत्रक काढलं, की सर्व कर्मचाऱ्यांनी सायकलीत पुरेशी हवा ठेवावी. कांबळेनं नम्रपणे विचारलं, पुरेशी म्हणजे किती? हवा मोजायचं यंत्र ऑफिसात नव्हतं. मग साहेबांनी दुसरं परिपत्रक काढलं. दर सोमवारी सकाळी सगळ्या सायकली अंगणात ओळीनं लावायच्या. साहेब प्रत्येक टायर अंगठ्यानं दाबून बघतील. अंगठा आत गेला नाही, तर हवा पुरेशी.

साहेबांचा अंगठा वीस वर्षं सही करून मऊ झालेला. तो साबुदाण्याच्या खिचडीत तरी आत गेला असता का, याची आम्हाला शंका होती. दर सोमवारी सगळ्या सायकली पास व्हायच्या. त्यात मलकप्पाची गादीसुद्धा.

मग साहेब मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर गेले. सोमवारी आम्ही सायकली ओळीनं लावल्या आणि उभे राहिलो. हेडक्लार्क खिडकीतून म्हणाले, अंगठ्याचा अधिकार माझ्याकडं लेखी दिलेला नाही. भाऊसाहेब म्हणाले, माझ्याकडं फक्त पॅच. अकरा वाजले. शेवटी जो तो जशी होती तशा हवेवर निघाला, आणि त्या आठवड्यात पाच चाकं बसली.

महिन्याच्या रिपोर्टात पंक्चरच्या कारणाचा एक रकाना असायचा. कांबळेनं त्यात पाचही ठिकाणी एकच लिहिलं, 'साहेब रजेवर.'

*

आता माझंही सांगतो, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांचीच सांगतो असं व्हायचं.

मे महिना, तोही सोलापूरचा. मी चाचांचं ऐकून हवा एकदम टणक भरली होती. दगडांवरून चाक टणाटण उड्या मारत होतं आणि चिमटा एकदाही बसला नव्हता. दुपारी एका गावात गंगूबाई नावाच्या म्हातारीला ताप असल्याचं कळलं. सायकल अंगणात उन्हात लावली आणि ओसरीवर बसलो. उन्हात हवा फुगते, म्हणून उन्हाळ्यात पंपाचे दोन दट्टे कमी मारायचे, हे चाचांनी सांगितलं होतं. मी उत्साहात दोन जास्तच मारले होते.

म्हातारी सुईला भीत होती. सून म्हणत होती, "काय न्हाय हुत आत्या, घ्या टोचून."

"लई दुकंल का रं?"

"मुंगी चावल्यासारखं वाटेल, आजी. बाकी काही नाही."

तिनं डोळे मिटून बोट पुढं केलं. मी सुई टोचली आणि त्याच क्षणाला अंगणात टायर फुटला. कोंबड्या छपरावर गेल्या. शेजारच्या घरातलं पोर रडायला लागलं. म्हातारीनं डोळे उघडले. तिनं सायकलीकडं बघितलंच नाही. आधी बोट बघितलं, उलटसुलट करून बघितलं, आणि मग माझ्याकडं बघत शांतपणे म्हणाली,

"मुंगी म्हनला हुतास की रं."

पुढच्या फेरीला त्या गावात एकालाही ताप नव्हता. त्याच्या पुढच्या फेरीलाही नव्हता. आमच्या वार्षिक रिपोर्टात त्या गावाचं नाव 'उत्कृष्ट प्रगती' या मथळ्याखाली आलं.

*

मलकप्पाला मात्र घट्ट हवा नको होती आणि पंक्चरही नको होतं. त्यानं स्वतःची अक्कल चालवली. घरात एक जुनी सोलापुरी चादर होती. तिच्या लांब पट्ट्या फाडून त्यानं टायर आणि ट्यूबच्या मधे गुंडाळून घातल्या. कल्पना खरंच चांगली होती. आम्हीसुद्धा जुन्या ट्यूबचा तुकडा तसाच आत घालायचो. पण ट्यूब रबराची असते आणि चादर सुताची, हा फरक त्याला ओढ्यात उतरेपर्यंत कळला नाही.

ओढ्यातून सायकल बाहेर आली तेव्हा पाणी पिऊन फुगलेल्या चादरीनं दोन्ही चाकं ब्रेकला घासत होती. तीन मैल त्यानं ती ओढत आणली. चाचांच्या दुकानासमोर पट्ट्या पिळल्या तर बादलीभर पाणी निघालं. मग त्या त्यानं ऑफिसच्या कुंपणावर वाळत घातल्या.

साहेबांनी खिडकीतून विचारलं, "हे काय चाललंय?"

"ट्यूबचं अंथरूण-पांघरूण, साहेब," मलकप्पा म्हणाला. "आज धुतलंय."

*

शेवटचा कांबळेचा.

होटगीच्या पुढं रानात एक वस्ती होती. एकच घर. आई, आजी आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. बाप रेल्वेच्या कामावर दूर कुठंतरी. मुलीच्या रक्तात हिवताप निघाला. तेव्हा पाच दिवसांचं औषध असायचं. रोज एक डोस, आणि तो कर्मचाऱ्यानं रोज स्वतः जाऊन, रुग्णाच्या घरी, आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायचा. गोळ्या घरात ठेवून यायला बंदी होती, कारण ताप उतरला की लोक उरलेल्या गोळ्या फेकून द्यायचे, आणि मग ताप पुन्हा यायचा. या मुलीला तो एकदा असाच उलटला होता. पोरगी अगदी पिवळी पडली होती.

चार दिवस कांबळे वेळेवर गेला. अंगणाच्या कडेला एक दगड होता, त्यावर बसायचा. आत ये असं घरातलं कुणी म्हणालं नाही, आणि तोही उठून आत गेला नाही. तो गोळी पुढं करायचा, आई ती पदरात घ्यायची, मुलगी दारात उभी राहून गिळायची. तोंड उघडून दाखवायची. कांबळे भिंतीपाशी जाऊन तारीख लिहायचा आणि निघायचा.

पाचव्या दिवशी सकाळी साहेबांनी सभा घेतली. विषय, पंक्चर प्रतिबंध. साहेबांनी फळ्यावर टायरचं चित्र काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. कांबळेनं दोनदा उठून सांगितलं, की वस्तीवर शेवटचा डोस आहे, मला जाऊ द्या. साहेब म्हणाले, "तुमच्यासाठीच चाललंय हे." सभा साडेबाराला सुटली.

कांबळे सुसाट निघाला. हवा टणक होती, ट्यूबला अस्तर होतं, सगळं चाचांनी सांगितल्यासारखं होतं. पण होटगी सोडल्यावर उतारावर कुणीतरी त्याच सकाळी खडी टाकली होती, आणि खडीवरून जसं जायचं असतं, हळू, उठून, गुडघे ढिले सोडून, तसं जायला त्याच्याकडं वेळ नव्हता. दोन्ही चाकं एकदम बसली. एक टायर कडेनं फाटला. पॅच लावून भागण्यासारखं नव्हतं.

त्यानं सायकल खांद्यावर घेतली. सरकारी सायकल रस्त्यावर टाकून जायचं धैर्य आमच्यात कुणातच नव्हतं. दुपारचं ऊन, चार मैल बाकी. पाण्याची बाटली त्यानं पहिल्या मैलातच संपवली. तो नंतर मला म्हणाला, "मला सारखं वाटत होतं, त्या वाट बघून रानात निघून जातील आणि घराला कडी असेल. मग आजचा डोस गेलाच."

ओढ्याच्या अलीकडं त्याला समोरून कुणीतरी येताना दिसलं. पुढं मुलगी, तिच्या मागं आई, आणि सगळ्यात मागं आजी. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात दोन शेळ्यांची दोरी.

"तुमी रोज दहाला येताय," आजी म्हणाली. "आज आला न्हाईत. म्हनलं काय झालं आसंल तर वाटंत गाठ पडंल. शेळ्या कुणाच्या जिवावर सोडायच्या, म्हनून घरच उचलून आणलं."

कांबळेनं सायकल खाली ठेवली आणि खिशातनं गोळी काढली. मुलीनं ती थेट त्याच्या हातातनं घेतली. आजीनं तांब्या दिला. मुलगी पाणी प्यायली, तोंड उघडून दाखवलं. मग आजीनं कांबळेच्या तोंडाकडं, त्याच्या कोरड्या ओठांकडं बघितलं, आणि तोच तांब्या त्याच्यापुढं धरला.

"प्या. समदं प्या."

तो तिथंच रस्त्याच्या कडेला बसला आणि प्यायला. त्या तिघीही बसल्या. आजीनं पदरात बांधलेली भाकरी सोडली.

संध्याकाळी त्यानं डायरीत खरं तेच लिहिलं, की डोस ओढ्याच्या अलीकडं, रस्त्यावर दिला. चौथ्या दिवशी मेमो आला. 'नियमाप्रमाणे डोस रुग्णाच्या घरी का देण्यात आला नाही, याचा खुलासा करावा.'

कांबळेनं खुलासा लिहिला. 'डोस घरीच दिला. घर वाटेत भेटले.'

साहेबांनी तो वाचला. लाल शाईनं खाली विचारलं, 'त्या वेळी घरात कोण कोण होते?' आणि कागद परत पाठवला.

तो कागद मी बघितलाय. कांबळेनं लाल शाईच्या खाली, आपल्या त्या छापील अक्षरात, उत्तर लिहिलं होतं.

'मुलगी, तिची आई, आजी, दोन शेळ्या आणि मी.'